न्यायाधीश व्हायचे असेल, तर पंधरा लाखांचे कर्ज काढावे का?

राजेंद्रनगरकर:
आमच्या भाचीला राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश मिळतो आहे आणि तिला न्यायाधीश व्हायचे आहे. पाच वर्षांचा खर्च आमच्या हिशेबाने १५ लाखांच्या घरात जातो. हे कर्ज काढू नये, तिने इंदूरच्याच देवी अहिल्या विद्यापीठात शिकावे, असे माझे मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. कर्जाचे हप्ते मात्र अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरात सुरू होतात. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर हप्ता महिना २० हजारांच्या आसपास बसतो, शिकतानाचे व्याज वेगळेच. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरातील ज्युनिअर वकिलांसाठी सुचवलेले किमान विद्यावेतनही नेमके २० हजारच आहे, आणि तीही नुसती शिफारस.

रामबागकर:
आकडेमोड मान्य, निष्कर्ष अमान्य. अशा विद्यापीठांत मोठ्या लॉ फर्म आणि कंपन्या कॅम्पसवर येतात; दोन-तीन वर्षे नोकरी करून कर्ज फेडावे आणि मग कोर्टात उभे राहावे.

राजेंद्रनगरकर:
कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते, त्यामुळे तो काळ त्या तीन वर्षांत धरला जाणार नाही. म्हणजे परीक्षेला बसेपर्यंत ती तिशीकडे झुकलेली असेल.

जुनी सनद:
इंदूर खंडपीठात ज्युनिअर घेताना मी तरी पदवी कुठली हे विचारत नाही; मसुदा कसा लिहिला आहे आणि तारखेला फाईल तयार आहे का, एवढेच पाहतो. घरी राहणाऱ्या मुलीला भाडे नाही, खाणावळ नाही, हे कमी पगारात फार मोठे बळ असते. मात्र एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली आहे: न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क (संशोधन सहायक) म्हणून केलेले कामही त्याच निकालाने अनुभवात धरले आहे, आणि तिथे दरमहा मानधन मिळते.

रामबागकर:
त्या जागा मोजक्याच, वकीलसाहेब, आणि तिथेही स्पर्धा या मोठ्या विद्यापीठांच्या मुलांशीच असते. शिवाय सतराव्या वर्षी ठरवलेले न्यायाधीशपद बाविसाव्या वर्षी नकोसे झाले, तर स्वस्त पदवीवर कॉर्पोरेटची वाट फार अरुंद असते.

राजेंद्रनगरकर:
आणि कर्ज काढल्यावर न्यायाधीशपद नकोसे झाले नाही, तर? तेव्हा हप्त्यासाठी तिला नको असलेली नोकरी धरावी लागेल.