पुट्टी नको, इरकली काठाची पट्टी लावा

कॅरॅव्हॅनच्या आतले प्लायचे सांधे पुट्टीने बुजवून वर वॉलपेपर लावा, असं काही जण सुचवतात. घरात ते चालेल, चाकांवरच्या खोलीत नाही. चोर्ला घाटात गाडी हादरली की प्लाय हलतो, पुट्टीला तडा जातो आणि वॉलपेपर नेमका सांध्यावरच फाटतो.

आधी सांधा अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागला किंवा काळपट डाग दिसला तर पाणी शिरतंय. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात ते झाकून ठेवलं तर भिंत कुजणारच, म्हणून आधी गळती काढा.

सांधा कोरडा असेल तर पातळ लाकडी पट्टीवर जुन्या इरकली साडीचा काठ किंवा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण ताणून मागून स्टेपल करा. काठ कापल्यावर एक कड उसवते, ती आत दुमडा. पट्टी एकाच बाजूच्या प्लायला स्क्रूने बसवा, म्हणजे दुसरी बाजू मोकळी हलते. स्क्रू आखूडच हवेत, नाहीतर बाहेरचा पत्रा फुटेल. काठाच्या गडद रेघेत घातले तर दिसतही नाहीत, इतकं सुरेख दिसतं ते! शेगडीजवळ मात्र कापड अजिबात नको, तिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टीच लावा.