टीव्ही माळ्यावर टाकायचा की पोराशेजारी बसायचं?

मंगळवारपेठकर:
काल एका ताईंनी इथं लिहिलं की टीव्ही माळ्यावर टाकला आणि पोरगं पुस्तकं वाचायला लागलं. वर टोमणा, "ज्यांच्यात टीव्ही चालू, त्यांना मूल नको, शांतता हवी असते." डोकंच फिरलं. आम्ही दोघं कामाला, आई गुडघ्यानं बेजार. संध्याकाळी भाकरी होईपर्यंत पोरगी अर्धा तास टीव्हीपुढं बसली की आम्ही नालायक?

अमेरिकेत 1969 ला टीव्हीवर पोरांसाठी ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झालं ते गरीब घरातली पोरं शाळेत जायच्या आधीच मागं पडू नयेत म्हणून. त्यात मुद्दाम मोठ्यांना हसू येईल असे विनोद आणि नामवंत पाहुणे असायचे. कशाला? आईबापानंही शेजारी बसावं म्हणून! सगळी मेख तिथं हाय. मध्ये आमच्यात बी रुजण्याचा कार्यक्रम लागला होता. बंद झाल्यावर विचारलं, "मुळं कुठं जात्यात गं?" म्हणाली, "शेजारच्यांच्यात." मग मिसळीसाठी भिजवलेली मटकी फडक्यात बांधताना तिला जवळ बसवलं. मोड आल्यावर दाणा दाणा उचलून "ह्याला शेपूट, ह्याला नाही" चाललं होतं. निम्मी मटकी तिथंच संपली, मिसळ पातळ झाली, ते जाऊ दे.

सजग_आई:
ती ताई मीच. अर्धा तास म्हणे! अर्ध्याचे दोन तास कधी होतात कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांना दिवसाला तासाच्या वर नको. माझ्या भाच्याचा मोबाईल काढला की तोंडातला घास तोंडातच राहतो. सगळ्यांच्या घरात मटकी बांधत बसायला वेळ नसतो, दादा.

रंकाळा_फेरी:
ताई, तासाच्या आत अर्धा तास बसतो की! आणि भाच्याचा मोबाईल दादांच्या टीव्हीवर कशाला घालताय? तान्ह्यांचं तुमचं खरंय, त्यांना पडद्यावरच्यापेक्षा समोरच्या माणसाकडून जास्त कळतं. पण तीन-चार वर्षांच्या पोराचं वेगळं. ‘ब्लूज क्लूज’ म्हणून अमेरिकेतला पोरांचा कार्यक्रम होता, त्यातले लोक प्रश्न विचारून गप्प थांबायचे, पोरानं उत्तर द्यावं म्हणून. एकच भाग आठवडाभर रोज दाखवायचे. तेच तेच बघून पोरं जास्त उत्तरं द्यायची. आपण मात्र "बघितलंय की हे" म्हणून चॅनल बदलतो.

निवृत्त_गुरुजी:
माझं दुखणं वेगळं आहे. मराठीत बघायचं काय? नातू इथं कोल्हापुरात फुलेवाडीत वाढतोय आणि पडला की ओरडतो, "कोई बचाओ!" मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी पुण्यातली बालचित्रवाणी 1984 ला सुरू झाली, 2017 ला बंद. कुणी हूं की चूं केलं नाही. शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या कोल्हापुरातली ही अवस्था.

राजारामपुरी_नववी_गल्ली:
झालं, आले शाहू महाराज. गुरुजी, हिंदी आली म्हणून बिघडलं काय? माझा पोरगा कार्टून बघून हिंदी शिकला, आता पुण्यात नोकरीत त्याचाच उपयोग होतोय.

निवृत्त_गुरुजी:
उपयोगाचं कोण बोलतंय? त्याला "आजोबा, गोष्ट सांगा" एवढं तरी मराठीत म्हणता यावं.

राजारामपुरी_नववी_गल्ली:
मग सांगा की गोष्ट! टीव्हीनं तुमचं तोंड धरलंय का?

रंकाळा_फेरी:
आणि 2020 मध्ये सह्याद्रीवर शाळेतल्या पोरांसाठी ‘टिलीमिली’ लागायचं, अस्सल मराठी. कितीजणांनी लावलं? माझ्या शेजारी त्या वेळेला क्राईमची मालिका.

निवृत्त_गुरुजी:
मी लावत होतो. सून रिमोट घेऊन जायची. घरातलं इथं काढायला लावू नका.

मंगळवारपेठकर:
अहो, धागा माझा हाय! सुनेचं नंतर बघू.

सजग_आई:
बघा, मुद्दा आपोआप आला. मोठ्यांची मालिका नुसती मागं चालू असली तरी आईबाप पोराशी कमी बोलतात, हे अभ्यासातही दिसलंय. शेजारी बसून दाखवता म्हणता ना? दाखवा, धन्य आहात. पण पोरीचा कार्यक्रम संपल्यावर टीव्ही बंद होतो का?

मंगळवारपेठकर:
होतो. म्हणजे वडिलांच्या बातम्या असतात.

सजग_आई:
किती वेळ?

मंगळवारपेठकर:
ताई, ते तुम्ही येऊन त्यांनाच सांगा. जेवूनच जा, मटकीची उसळ हाय.