वन-पीस ड्रेसचे कोणते प्रकार कोणत्या प्रसंगी घालावेत?

आबोली:
नमस्कार. आजवर मी कामावर कुर्ता-लेगिंग्ज किंवा पंजाबी ड्रेसच घालत आले आहे. पुढच्या महिन्यापासून बाणेरच्या एका कार्यालयात रुजू होत असून तेथील बऱ्याच जणी वन-पीस घालतात. मलाही तो पोशाख मनापासून आवडतो, परंतु दुकानात ए-लाइन, शिफ्ट, रॅप, शर्ट ड्रेस, मॅक्सी अशी नावे ऐकली की नेमके काय घ्यावे हे ठरत नाही. कोथरूडहून मी स्कूटरने ये-जा करणार आहे. शिवाय डिसेंबरात मावसबहिणीचा साखरपुडा आहे. सुरुवातीला तीन-चारच ड्रेस घ्यायचे असतील, तर कोणते घ्यावेत?

सुईदोरा:
आबोलीताई, मी स्त्रियांचे कपडे शिवते, म्हणून शिवणाऱ्याच्या बाजूने सांगते. ड्रेस कोणत्या प्रसंगाचा, हे पाहण्याआधी तो घालून तुम्ही बसणार कशा, जिने चढणार कशा आणि गाडी चालवणार कशी, हे पाहावे. कारण ड्रेसचा घेर आणि उंची या दोन गोष्टींवरच तो दिवसभर सोसवेल की नाही हे ठरते.

ए-लाइन वरून बेताचा आणि खाली क्रमाने रुंद होत जाणारा असतो. फ्रेंच फॅशन डिझायनर क्रिस्तियान दिओर यांच्या 1955 च्या संग्रहापासून हे नाव रूढ झाले. नितंबांवर तो ताणला जात नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक बांध्याला शोभतो आणि बसल्यावर वर सरकत नाही. गुडघ्याखाली येणारा सुती ए-लाइन ड्रेस हा तुमचा पहिला ड्रेस असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिफ्ट खांद्यावरून सरळ खाली उतरतो आणि त्याला कमरेवर शिवण नसते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आत वारा खेळता राहत असल्याने तो फार सुखाचा वाटतो. त्याच्याशी ज्याची गल्लत होते तो शीथ मात्र टक्स (आतून शिवलेल्या चिमट्या) घेऊन अंगाबरोबर बेतलेला असतो. महत्त्वाच्या बैठकीत तो अतिशय नेटका दिसतो, पण मागे चीर नसेल तर पाऊलसुद्धा मोकळे पडत नाही. ज्या दिवशी रिक्षाने किंवा चारचाकीने जाणार असाल, त्या दिवसासाठीच तो ठेवावा.

रॅप ड्रेसमध्ये एक बाजू दुसरीवर घेऊन कमरेला बंद बांधतात. फॅशन डिझायनर डायान फॉन फुर्स्टेनबर्ग यांनी 1974 मध्ये तो जर्सीच्या, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या मऊ कापडात आणला आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी तो उचलून धरला. स्कूटरवर मात्र वाऱ्याने त्याची वरची बाजू उघडते. त्यामुळे नुसता रॅपसारखा दिसणारा, पुढून शिवून घेतलेला ड्रेस घ्यावा आणि गळ्याशी एक टिचबटण लावून घ्यावे.

पेठेतली_वाचक:
सुईदोराताईंशी मी सहमत आहे, परंतु पावसाळ्याचा उल्लेख राहिला. जून ते सप्टेंबर पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या स्त्रीने मॅक्सी, म्हणजे घोट्यापर्यंतचा पायघोळ ड्रेस, घालूच नये. तिची कड चिखलाने भरते हे एक वेळ चालेल, पण सैल घेर मागच्या चाकात अडकणे जिवावर बेतू शकते. फिकट रंगाचे पातळ सुती कापड भिजल्यावर पारदर्शक होते आणि रेयॉन भिजले की जड होऊन लोंबते. त्या दिवसांत गडद रंगाचे क्रेप किंवा पॉलिएस्टर-मिश्रित कापड लवकर वाळते. शर्टासारखी कॉलर आणि पुढे बटणे असलेला शर्ट ड्रेसही कार्यालयासाठी उत्तम आहे; फक्त विकत घेताना खुर्चीवर बसून छातीजवळच्या दोन बटणांमध्ये फट पडत नाही ना, हे आरशात अवश्य पाहावे.

कळीदार:
साखरपुड्याविषयी लिहिते. अशा प्रसंगी खणाचा किंवा इरकल कापडाचा पायघोळ ड्रेस फार शोभून दिसतो. हातमागाच्या पारंपरिक खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) कमी असतो, त्यामुळे घेर हवा असल्यास कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तुकडे, जोडाव्या लागतात. त्या कळ्यांच्या कडेला खणाचेच काठ आले तर शिवण दागिन्यासारखी उठून दिसते. कार्यक्रम लॉनवर संध्याकाळी असेल, तर डिसेंबरातील गारव्यासाठी पूर्ण बाही आणि अस्तर दोन्ही घ्यावे. घरातली जुनी पैठणी कापून ड्रेस शिवण्याची सध्या मोठी हौस दिसते. साडी विरलेली नसेल तर कृपया तिला कात्री लावू नका.

आबोली:
सर्वांचे मनापासून आभार. ए-लाइन आणि शर्ट ड्रेसने सुरुवात करते आणि साखरपुड्यासाठी खण घेते. ए-लाइन शिवूनच घ्यायचा झाल्यास लक्ष्मी रोडवरून किती कापड आणावे?

सुईदोरा:
44 इंच पन्ह्याचे सुती कापड असेल, तर गुडघ्याखालची उंची आणि कोपराखाली येणारी बाही धरून साधारण तीन मीटर आणा. मोठी नक्षी किंवा चौकडी असेल तर ती जुळवण्यासाठी अर्धा मीटर जास्त घ्या. शिवायला देण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि मग बेतलेली उंची हाती राहत नाही.