मदत हवी आहे: पावसाळाभर भामरागडला राहायचं आहे, सासूबाईंचं इन्सुलिन कसं टिकवू?

नमस्कार ताई-दादांनो. यांची बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला झाली आहे. आम्ही सगळेच सोबत जातोय, दोन मुलं आणि सासूबाईसुद्धा. दिवाळीपर्यंत तरी तिथंच मुक्काम.

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तिन्ही नद्यांचा तिथं संगम. जोराचा पाऊस लागला की पर्लकोटेला पूर येतो आणि आलापल्लीकडचा रस्ता बंद होतो, कधी कधी सलग काही दिवस. हेमलकशाचा लोकबिरादरीचा दवाखाना अगदी जवळ, पण तो पर्लकोटेच्या अलीकडे, आलापल्लीच्या बाजूला, म्हणजे पुरात तिथंही जाता येणार नाही!

खरी काळजी सासूबाईंच्या इन्सुलिनची आहे. सुरू केलेली बाटली सावलीत महिनाभर चालते, हे डॉक्टरांनी सांगितलंय. पण न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्येच लागतात, आणि पुरात वीज गेली की काय करायचं? ओल्या वाळूतल्या मडक्यात कोणी ठेवल्या आहेत का? बाटली भिजू नये म्हणून कशात घालता?

दुसरं, हिवताप. गडचिरोलीत मेंदूपर्यंत जाणारा फॅल्सिपेरम प्रकारचा हिवताप जास्त, म्हणून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं हे पक्कं ठरवलंय. औषधी मच्छरदाण्याही घेतल्या. रस्ता बंद असताना तपासणी आशाताईंकडे होते का?

धान्य-किराणा मी भरून नेईनच. धाकटी मात्र चार वर्षांची आहे, शेजारच्या लेकरांशी बोलायला तिथल्या माडिया बोलीतले चार शब्द कोणी शिकवाल का? तिकडे पावसाळा काढलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा, आम्ही मृगाआधी निघतोय.