आजोबांचा रुंद चांदीचा रुपया मोडीत घालू का?

चाटीगल्लीकर, सोलापूर
नमस्कार मंडळी. आजोबा चादरी विकायला पार राजस्थानात जायचे. त्यांच्या ट्रंकेत चांदीचा एक पातळ रुपया निघालाय. राणीछापपेक्षा चांगलाच रुंद, पण काट्यावर वजन 11 ग्रॅमच्या आसपास. दोन्हीकडे फारसी, एका बाजूला पाकळ्यांची डहाळी. वर कडी डाकवलीय. सराफ म्हणतो मोडीत घाला, चांदीचा भाव देतो. देऊ का?

जुनी टांकसाळ
अजिबात देऊ नका! वर्णनावरून हा जयपूरचा नजराणा रुपया वाटतो. ती डहाळी म्हणजे ‘झाड’, जयपूर टांकसाळीची खूण. बाजारात चालायचा तो जयपुरी रुपया लहान नि जाड. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे अक्षरं कडेला तुटायची. दरबारात राजापुढे ठेवायच्या रुपयासाठी तेवढीच चांदी ठोकून रुंद करत, म्हणजे अख्खा ठसा भोवतीच्या नक्षीसकट उमटायचा. तुमच्या रुपयावर ओळी पूर्ण आहेत का, ते आधी बघा.

ही हौस मुघलांपासूनची. जहांगीरने 1613 साली आग्र्याला 1000 मोहरांचं एकच नाणं पाडलं, वजन जवळपास 12 किलो! आणि आपल्या शेजारच्या निजामाच्या दरबारात अशरफी नजर केल्याशिवाय मानकऱ्यांची भेट पुरी होत नसे. अशी नाणी चांदीच्या भावात वितळलेली ऐकली की जीव तुटतो.

भिंगवाला
काका म्हणतात ते बरोबर, पण आधी खरं-खोटं बघा. नकली नाणं साच्यात ओतलेलं असलं तर बहुधा कडेला जोडाची रेघ नि अंगावर बारीक छिद्रं दिसतात.

चाटीगल्लीकर
भिंगातून बघितलं. रेघ नाही, छिद्रं नाहीत. कडीखाली दोन अक्षरं डागात (कडी जोडायच्या धातूत) बुडालीत, बाकी ओळी अखंड. कडी काढून घेऊ?

जुनी टांकसाळ
नको, राहू द्या. सोनार बत्ती लावणार, डागासोबत अक्षरंही जातील. कडीमुळे किंमत उतरते हे खरं, तरी मोडीपेक्षा किती तरी जास्त येईल. शंभर वर्षांवरचं असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं परदेशी पाठवता येत नाही, तसं गिऱ्हाईक आलं तर नाही म्हणा. दोन्ही बाजूंचे फोटो उन्हात तिरपे धरून काढा नि इथं टाका, राजाचं नाव नि सन वाचून देतो. तोवर घरात सांगून ठेवा, चिंच लावून कुणी घासू नका.