दुपारी घुग्घुसच्या पुढे गाडी हीट होऊन बंद पडते, इंजिनाचं बोअर (सिलिंडर) खरंच गेलं का?

वणीकर_सकाळपाळी

नमस्कार मंडळी. मी राहतो वणीला, नोकरी चंद्रपूरला. जाणं-येणं घुग्घुसमार्गे गाडीनेच. जाताना सकाळची गार हवा, येताना दुपारी अडीच-तीनचं ऊन. गाडी १५० सीसी, एअर-कूल्ड, कार्बोरेटरवाली, २०१४ ची. ६२ हजार किमी झालेत.

सकाळी गाडीची काही तक्रार नसते. दुपारी पडोली ते घुग्घुस बरी येते. त्यापुढे कोळशाच्या ट्रकांमागे हळू चालवावी लागते आणि तिथून पिकअप मरत जातो. इंजिन घुमतं, पण गाडी ओढत नाही. वर्धा नदीच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे बंद पडते. लगेच कितीही किक मारा, सुरू होत नाही. सावलीत वीसेक मिनिटं उभी केली की एक-दोन किकमध्ये सुरू होते आणि घरापर्यंत येते. इंजिनाजवळ पाय नेववत नाही इतकी धग असते. धूर नाही. ऑइल कमी होत नाही. ॲव्हरेज मात्र पाच-सहाने उतरलं आहे.

एका गॅरेजवाल्याने सांगितलं, बोअर-पिस्टन गेलं, इंजिन उतरवावं लागेल, आठ हजार धरून चला. दुसऱ्याने जाड ऑइल टाकून पाठवलं, काही फरक पडला नाही. आठ हजार घालायची तयारी आहे, पण घालून तेच राहिलं तर? घरी वडिलांचं डायलिसिस सुरू आहे, त्यांना नेण्या-आणण्यासाठी वेळेवर घरी पोचणं भाग असतं. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

निळी_टाकी

माझ्या गाडीला नागपुरात अगदी हेच होत होतं. पिकअप कॉइल (मॅग्नेटजवळची) तापली की करंट जायचा, गार झाली की परत यायचा. बदलली आणि प्रश्न मिटला. बोअरला हात लावू देऊ नका, आधी करंट बघा.

अकोल्याचा_मिस्त्री

वणीकर भाऊ, आधी वडिलांच्या तब्येतीला आराम पडो. आता गाडीचं बोलू. मी गॅरेज आता मुलाकडे दिलंय, पण एप्रिल लागला की हीच तक्रार घेऊन माणसं येतात आणि निम्म्यांचं इंजिन विनाकारण उघडलेलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एअर-कूल्ड इंजिनाला हात लावून चटका बसला म्हणजे ते हीट झालं, असं नसतं. साठ अंशांच्या धातूलाही हात टिकत नाही आणि चांगल्या चालत्या इंजिनाचं हेड दीडशेच्या वर असतं. पाण्याचा थेंब टाकून चर्र आवाज आला, हीही परीक्षा नव्हे. नव्या गाडीवरही येईल. आपल्याकडे पारा ४५ ला गेला की फिन्समधून (इंजिनावरच्या पातळ पट्ट्यांमधून) उष्णता थोडी कमी निघते, ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर आलात तर आणखी कमी. पण धड असलेलं इंजिन एवढं सहन करतं. तुमची गाडी नऊ-दहा उन्हाळे याच रस्त्यावर चालली असेल ना? मग यंदा काय बदललं ते शोधायचं.

गाडी बंद पडते त्या जागेवरच निदान होतं. गॅरेजात पोचेपर्यंत ती गार होते आणि मिस्त्रीला काही सापडत नाही, मग तो अंदाजाने बोअर सांगतो. पुढच्या वेळी बंद पडली की सावलीत घ्या आणि गार होण्याआधी एवढं बघा.

पहिलं, टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि लगेच गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल उतरत नाही. तुमच्या रस्त्यावर कोळशाची भुकटी आहे, भोक बुजायला वेळ लागत नाही.

दुसरं, किक पायाने न मारता हाताने सावकाश दाबा. सकाळी गार इंजिनावर हेच करून बघितलेलं असू द्या, म्हणजे फरक कळेल. गार असताना एका जागी किक अडते, ते कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा जोर. गरम असताना ती अडण न लागता किक सरळ खाली गेली, तर मला लगेच कळवा.

तिसरं, प्लग काढा. फडक्याने धरा, भाजतो. रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर जळण बरोबर. पांढराफटक असेल तर इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय, त्याने हेड तापतं. काळी काजळी असेल तर उलट. मग प्लग कॅपमध्ये घालून हेडला टेकवा, किक मारा, करंट बघा. वरच्या भावाचं म्हणणं इथे तपासलं जाईल.

चौथं, करंट बघून झाल्यावरच कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू ढिला करून बाटलीत पेट्रोल घ्या. धार सलग हवी. सायलेन्सरवर सांडू देऊ नका. करंट आणि पेट्रोल एकाच वेळी उघडं ठेवायचं नाही, हे नीट लक्षात ठेवा.

आणि घरी मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक लाइनर घासत असेल किंवा चेन फार ताणलेली असेल तर इंजिनाला दिवसभर जास्तीचं ओझं ओढावं लागतं. ॲव्हरेज उतरलंय म्हणून हे विचारतो. फिन्समध्ये चिखल-भुकटी बसली असेल तर गार इंजिनावर रॉकेल आणि ब्रशने काढा. तापलेल्या इंजिनावर पाणी कधीच ओतू नका, हेड वाकतं.

शेतावरचा_मी

२०डब्ल्यू-५० (जाड इंजिन ऑइल) टाकून बघा, आम्ही उन्हाळ्यात तेच टाकतो. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, जुन्या गाड्या त्यानेच तापतात.

अकोल्याचा_मिस्त्री

ऑइल त्यांनी बदलून पाहिलं, फरक नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते वेळेवर बदलणं जास्त महत्त्वाचं. इथेनॉलचं अर्ध खरं आहे. कार्बोरेटर स्वतः मापून पेट्रोल सोडत नाही, जेट (पेट्रोलचं बारीक भोक) जेवढा तेवढंच सोडतो, म्हणून इथेनॉल वाढलं की मिश्रण थोडं हवेकडे झुकतं. पण तेवढ्याने चालती गाडी रस्त्यात बंद पडत नाही. आधीच कुठून हवा शिरत असेल तर भर पडते.

वणीकर_सकाळपाळी

काका, काल सगळं केलं. पुलाच्या अलीकडेच बंद पडली, बाभळीखाली घेतली.

झाकण उघडलं, फुस्स काही नाही. करंट निळा, कडक. पेट्रोलची धार सलग. मागचं चाक मोकळं फिरतं. प्लग पांढरट, पण फटक म्हणता येणार नाही. आणि किक: सकाळी चांगली अडत होती, तिथे हाताने दाबली तर लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. वीस मिनिटांनी पुन्हा अडायला लागली आणि गाडी सुरू झाली.

म्हणजे कॉम्प्रेशन गेलं, म्हणजे बोअरच ना? गॅरेजवाला बरोबर होता का?

अकोल्याचा_मिस्त्री

नाही भाऊ. बोअर झिजलं असतं तर गार असतानाही किक हलकी लागली असती, उलट गारच असताना जास्त. शिवाय ऑइल खाल्लं असतं, मागे निळा धूर असता. तुमचं कॉम्प्रेशन तापल्यावर जातं आणि गार झाल्यावर परत येतं. हे व्हॉल्व्हचं लक्षण आहे. एक सांगा, गेल्या वर्षभरात कुणी टॅपेटला (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट लावायच्या स्क्रूला) हात लावला का?

वणीकर_सकाळपाळी

हो. दिवाळीत टिकटिक आवाज वाढला होता म्हणून टॅपेट सेट करून घेतले होते. तेव्हापासून इंजिन एकदम शांत आहे, काही आवाजच नाही.

अकोल्याचा_मिस्त्री

मग तिथेच आहे दुखणं. आवाज बंद करायचा म्हणून टॅपेट पार आवळून टाकतात, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. ती टिकटिक तिथे मुद्दाम ठेवलेल्या जागेची, म्हणजे गॅपची असते. इंजिन तापलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी लांबते. गॅप शिल्लक नसेल तर रॉकर व्हॉल्व्हला पूर्ण बसूच देत नाही, बारीक फट राहते. तिथून कॉम्प्रेशन निसटतं, पिकअप मरतो, ॲव्हरेज उतरतं. त्याहून वाईट म्हणजे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकून हेडला देतो. टेकलाच नाही तर ती द्यायची कुठे? वरून जळता गॅस त्या फटीतून जातो. असं चालवत राहिलात तर व्हॉल्व्हची कड जळेल आणि मग खरोखरच हेड उतरवावं लागेल. म्हणून उद्याच करून घ्या, तोवर बसने जा.

रात्रभर उभ्या असलेल्या गार इंजिनावरच करायचं. मॅग्नेटच्या खिडकीत टी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवायची, दोन्ही रॉकर हाताने थोडे हलतात ना ते बघायचं. हलत नसतील तर एक पूर्ण फेरा आणखी. (एक्झॉस्ट इतका आवळलेला असेल की तो हलणारच नाही, तेव्हा इनटेक हलतोय का त्यावरून ओळखा.) फिलर गेजशिवाय (गॅप मोजायच्या पातळ पात्यांशिवाय) हात लावू देऊ नका. अशा गाड्यांना गॅप ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असतो, एक्झॉस्टचा बहुधा इनटेकपेक्षा जास्त. पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. पात घासत सरकली पाहिजे, अडता कामा नये. शे-दोनशेचं काम आहे.

प्लग पांढरट म्हणालात, म्हणून कार्बोरेटर आणि हेडमधलं रबर पण बघा. क्लिपखाली चीर असते, वरून दिसत नाही. आयडलिंगवर असताना त्यावर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय.

वणीकर_सकाळपाळी

काका, झालं! एक्झॉस्टला सगळ्यात पातळ, ०.०५ ची पात पण शिरत नव्हती. मॅन्युअलप्रमाणे लावून घेतलं. बारीक टिकटिक परत आली. रबराला खालून चीर निघाली, तेही बदललं. काल आणि आज दोन्ही दुपारी ट्रकांमागून आलो, पूल ओलांडला, पिकअप पूर्ण. आज वडिलांना घेऊन वेळेत दवाखान्यात पोचलो. तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

अकोल्याचा_मिस्त्री

छान झालं भाऊ, फार बरं वाटलं. हजार किमीवर गॅप पुन्हा मोजून घ्या. एवढ्यात तो आपोआप कमी झालेला दिसला, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत चाललाय असं समजून इथे कळवा, तेव्हा हेड बघावं लागेल. एअर फिल्टर त्या रस्त्यावर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या किमीवर साफ करा. आणि पुढे कधी चालत्या गाडीत इंजिन घट्ट होतंय, पिस्टन पकडतोय असं वाटलं तर ब्रेकच्या आधी क्लच दाबा. वडिलांना नमस्कार सांगा.