सेरियसचा शेंडा चपटा झालाय, एकायनोप्सिस पिवळा पडतोय – क्रेस्ट, व्हेरिगेटेड की नुसता रोग?

एरंडोलचा_काटा

राम राम मंडळी. माझं एरंडोलला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानावरच्या गच्चीवर निवडुंगाच्या कुंड्या. तीन प्रश्न एकदमच विचारतो, वैतागू नका.

पहिला. सेरियस पेरुव्हियानसचा कंबरेएवढा खांब आहे. दिवाळीनंतर त्याचा शेंडा गोल राहिलाच नाही. आधी लांबट झाला, आता चांगला चार बोटं रुंद आणि चपटा, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. काटे बारीक आणि दाटीवाटीने आलेत. खालचा खांब मात्र होता तसाच. याला क्रेस्ट म्हणायचं का?

दुसरा. एकायनोप्सिसचा एक जुना गोळा वरून सगळीकडून सारखा पिवळा पडत चाललाय, खाली मात्र हिरवाच. एका ग्रुपवर फोटो टाकला, तर एका भाऊंनी लगेच इनबॉक्समध्ये येऊन "व्हेरिगेटेड आहे, विकता का?" विचारलं (व्हेरिगेटेड म्हणजे हिरव्यात पिवळे पट्टे असलेलं). वर रक्कमही सांगितली. तेव्हापासून आमच्या घरात त्या कुंडीचा मान जावयापेक्षा जास्त आहे.

तिसरा. नर्सरीतून आणलेला लाल गोळा, खाली हिरवा तीनधारी दांडा. या थंडीत दांड्यावर तपकिरी डाग आले आणि बुडाशी बोट लावलं तर मऊ लागतं. लाल गोळा अजून टणक आहे. तो काढून बांधावरच्या थोरावर बसवला तर? थोर आमच्याकडे पाहिजे तेवढा, तोही फुकट.

पाणी बोअरचं. माती म्हणजे थोडी काळी, वाळू आणि विटांचा चुरा. ऊन दिवसभर.

जळगाव_जंक्शन

काय भो, लॉटरी लागनी ना तुले! सेरियस क्रेस्टच दिसतोय. पण एक विचारतो, गच्चीच्या आजूबाजूला शेत आहे का आणि कोणी तणनाशक मारलं होतं का? टू-फोर-डीचा वारा लागला की कपाशीची पानं कशी चिंबून अरुंद होतात ते आपण दर पावसाळ्यात बघतो. इतर झाडांचे शेंडेही त्याने वेडेवाकडे होतात. ते आधी तपास, मग पेढे वाट.

फैजपूरची_ताई

दादा, तातडीचं आधी घेते, कारण लाल गोळ्याला वेळ नाही.

तो जिम्नोकॅलिशियम मिहानोविची. त्याच्यात हरितद्रव्य नाहीच, म्हणून तर तो इतका लाल दिसतो. स्वतःचं अन्न त्याला करता येत नाही, खालचा दांडा कमावतो आणि हा खातो. जपानमध्ये वातानाबे नावाच्या रोपवाटिकावाल्यांना १९४१ साली बियांच्या रोपांत अशी दोन लाल पिल्लं सापडली. एरवी अशी रोपं उगवल्यावर थोड्याच दिवसांत मरतात. त्यांनी ती दुसऱ्या निवडुंगावर कलम करून जगवली. आज कुठल्याही नर्सरीत दिसणारा लाल-पिवळा-गुलाबी गोळा म्हणजे त्याच उद्योगाचा पुढचा धंदा.

खालचा तीनधारी दांडा म्हणजे ड्रॅगनफ्रूट. ते वेल उष्ण-दमट हवेतलं आहे. पारा दहाच्या खाली गेला आणि त्यात कुंडी ओली असली की बुडापासून सडतं. तुमच्याकडे तेच झालंय. सड वर चढायच्या आत गोळा आडवा कापून काढा. पातं स्पिरिटने पुसायचं, प्रत्येक कापाआधी. कापल्यावर मधोमध एक बारीक कडं दिसेल, त्या अन्न-पाण्याच्या नळ्या. कड्यात तपकिरी ठिपका दिसला तर अजून एक पातळ चकती काढा, पुन्हा पातं पुसा, पुन्हा बघा. स्वच्छ गर लागेपर्यंत हेच. मग नवा दांडा आडवा छाटायचा, त्याच्या धारांच्या कडा उतरत्या तासायच्या (नाहीतर सुकताना मधला भाग खाली बसतो आणि गोळा सुटतो) आणि दोन्ही कडी एकमेकांना कुठेतरी छेदतील असा गोळा ठेवायचा. अगदी मधोमध ठेवण्यापेक्षा जरा सरकवून ठेवलेला बरा, म्हणजे कडी लहान-मोठी असली तरी गाठ पडते. वरून कुंडीसकट दोन रबरबँड. आठ-दहा दिवस सावलीत, कापावर पाण्याचा थेंब नको.

एरवी मी महाशिवरात्रीच्या आधी कलमाला हात लावत नाही, दांडा रसरशीत वाढत असेल तरच जोड धरतो. पण इथे थांबलात तर गोळाच जाईल. सेरियसच्या बुडाशी पिल्लू फुटलं असेल तर तेच दांडा म्हणून वापरा.

थोरावर बसणार नाही. थोर युफोर्बियाच्या कुळातला, निवडुंगाशी त्याचं सोयरिक नाही. दिसायला दोघं काटेरी, तेवढंच. खरे निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले, आणि त्यांचा काटा लवदार गादीतून निघतो. थोराला ती गादी नसते, टोचलं की पांढरा चीक येतो. (मॅमिलॅरियातल्या काही जातींनाही चीक येतो, म्हणून नुसत्या चिकावर जाऊ नका, गादी बघा.) आणि थोराचा चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवून सरळ डॉक्टर गाठा.

आता एकायनोप्सिस. हे ऐकून घरात नाराजी होईल, पण तुमचं वर्णन व्हेरिगेटेडचं नाही. खऱ्या व्हेरिगेटेडमध्ये रंगाची सीमा असते. शेंड्यापासून एखादी धार किंवा पट्टा पिवळा निघतो आणि त्याच रेषेत खाली येतो, शेजारची धार गर्द हिरवी. कारण शेंड्याच्या पेशींपैकी काहींतच हरितद्रव्य नसतं आणि त्या पेशींची पुढची सगळी वाढ तशीच येते. तुमचा वरून सगळीकडून सारखा फिकट होतोय, जुना भाग खाली हिरवाच आहे. नवी वाढ आधी पिवळी पडते तेव्हा बहुतेक लोहाची कमतरता असते.

बोअरचं पाणी म्हणालात ना? कुंडीच्या काठावर पांढरा थर जमलाय का बघा. आमच्याकडे केळीच्या ठिबकच्या नळ्या याच क्षाराने बुजतात. पाण्याचा सामू (पीएच) जास्त असला की मातीत लोह असून मुळांना उचलता येत नाही. एकायनोप्सिसला ते लगेच सोसत नाही. ॲस्ट्रोफायटमला चुनखडी चालते, म्हणून त्याच पाण्यावर तो मजेत राहतो आणि आपल्याला वाटतं पाण्यात काही खोट नाही. कृषी केंद्रातून चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) घ्या, पण ईडीडीएचए प्रकारातलं. ईडीटीएवालं स्वस्त मिळतं, पण जास्त सामूला टिकत नाही, पैसे वाया. पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व टाकून सामूची पट्टी बुडवून बघा, सहा-साडेसहावर आला की बस. आणि पावसाळ्यात गच्चीचं पाणी ड्रमात धरून ठेवा. पिवळा पडलेला भाग पूर्ण हिरवा होईलच असं नाही, नवी वाढ कशी येते त्यावर लक्ष ठेवा.

अजून दोन गोष्टी पिवळेपणाचा आव आणतात. फक्त नैऋत्येची बाजू पांढरट-पिवळी असेल तर ऊन लागलंय. शेंड्याजवळ गंजासारखा खरखरीत थर असेल तर लाल कोळी. कोळी असेल तर गंधक मारायचा मोह आवरा, आपल्या उन्हात गंधकाने कातडी भाजते.

सेरियसचं उत्तर उद्या लिहिते, घड कापायला माणसं आलीत.

धुळ्याचा_गारठा

ताईंनी दांड्याचं सांगितलंच, मी फक्त आमच्या बाजूचा अनुभव जोडतो. धुळ्यात पारा एक आकड्यावर उतरतो तेव्हा ड्रॅगनफ्रूटवरची कलमं मी घरात घेतो. पाणी तर मार्गशीर्षापासून जवळजवळ बंदच. तरी दरवर्षी एखादं जातं. आता नवीन सगळं सेरियसवर किंवा ट्रायकोसेरियसवर करतो. वाढ हळू, पण दांडा लाकडासारखा टिकतो. ड्रॅगनफ्रूट फक्त पिल्लं लवकर मोठी करायला ठेवतो, ती मोठी झाली की उतरवून पक्क्या दांड्यावर.

थोर मात्र अगदीच टाकाऊ नाही बरं का. नर्सरीत चपटं, वळ्यावळ्यांचं, कडेला गुलाबी झाक असलेलं झाड "क्रेस्ट कॅक्टस" म्हणून विकतात, ते निवडुंग नाहीच. ते युफोर्बिया लॅक्टिआचं क्रेस्ट, आणि बसवलेलं असतं युफोर्बिया नेरिफोलियावर, म्हणजे आपल्या कुंपणाच्या थोरावर. तेवढ्या एका कामाला तुमचा फुकटचा थोर सोन्यासारखा. हातमोजे घालून.

आणि ते निळे-जांभळे, चमकत्या काट्यांचे निवडुंग म्युटंट म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर नखाने एक काटा खरवडून बघा. रंग मारलेला असतो. डोक्यावर सुकं फूल गोंदाने चिकटवलेलंही सापडतं.

फैजपूरची_ताई

हं, सेरियस.

साध्या खांबाच्या शेंड्यावर वाढीचा एक बिंदू असतो, त्याच्याभोवती धारा गोल मांडल्या जातात. क्रेस्टमध्ये त्या बिंदूची रेषा होते. रेषा लांबत जाते, जागा पुरत नाही, मग ती वळ्या घालते. मॉन्स्ट्रोज वेगळं. त्यात वाढीचे बिंदू जागोजाग फुटतात, धारा तुटतात, झाड गाठीगाठीचं होतं. बाजारात सेरियसचं मॉन्स्ट्रोजच जास्त दिसतं. क्रेस्ट का होतो याचं एकच कारण नाही. कधी जनुकात बदल, कधी शेंड्याला कीड, मार किंवा थंडीचा चटका. गणपतीत वाहतो ते कोंबड्याचं फूल हीच भानगड आहे, फक्त त्याचा तुरा बियांतून पुढच्या पिढीत उतरतो. निवडुंगाचं बी लावलं तर बहुतेक साधी रोपंच निघतात, म्हणून क्रेस्टचा वंश कलमानेच.

तुमच्याकडे खरा आहे का ते शेंडा वरून बघून ठरवा. मधोमध लवदार गाद्यांची एक सलग ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिसायला हवी. ओळ मध्ये तुटून एका जागी गोल होत असेल तर शेंडा पुन्हा साधा व्हायच्या मार्गावर आहे.

एरंडोलचा_काटा

ताई, दुकानात बोर्ड बघायचं भिंग आहे, तेच वर नेलं. सेरियसच्या डोक्यावर पांढऱ्या लवेची ओळ सलग आहे, एका टोकाला किंचित वळलीय. प्रत्येक गादीत चार-पाच मऊ तांबूस काटे, अजून पुरते बाहेर न आलेले. कोळी कुठे दिसला नाही. पण खालच्या बाजूला, तुरा जिथून रुंद व्हायला सुरुवात होते तिथल्या खाचेत पांढरा कापूस आहे. तो लवेचा की किडीचा?

एकायनोप्सिसच्या कुंडीचा काठ पांढराफटक. भिंग लावायचीही गरज नव्हती. इनबॉक्सवाल्या भाऊंना खरं कळवलं, ते गायब झाले. जावयाचा मान परत जागेवर.

तणनाशकाचं म्हणाल तर आजूबाजूला घरंच आहेत, शेत लांब. लाल गोळा काल कापला, तीन चकत्या गेल्या तेव्हा कुठे स्वच्छ लागला. सेरियसच्या पिल्लावर बसवलाय.

फैजपूरची_ताई

काडीने उचलून बघा. लव असेल तर जागची हलत नाही. पिठ्या ढेकूण असेल तर कापूस निघून येतो आणि चिरडला की ओलसर डाग पडतो. क्रेस्टच्या खाचा म्हणजे त्यांचं आवडतं घर. फवारा आत पोचत नाही, म्हणून कान साफ करायची काडी स्पिरिटमध्ये बुडवून खाच न् खाच पुसायची, संध्याकाळी, ऊन गेल्यावर. आठवड्याने पुन्हा, कारण अंडी राहतात. एकदा कुंडीतून काढून मुळंही बघा, तिथेही पांढरं दिसलं तर माती फेकून द्या.

पाणी कधीही वरून नको, वळ्यांत साचतं. काळी माती पूर्ण काढा, ती ओल धरून बसते. बारीक खडी, विटांचा चुरा आणि थोडं मुरलेलं शेणखत पुरे. तुऱ्यातून गोल, साधी फांदी निघाली की लहान असतानाच मुळापासून छाटा. दया दाखवलीत तर तीच जोर धरते आणि तुरा मागे पडतो. मार्चपासून पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा. क्रेस्टच्या नव्या कडेला आपला मे सोसत नाही, ४५ अंशात ती भाजली की वाढीची रेषाच मरते.

नंदुरबारी

मध्येच घुसतो. थायलंडचे व्हेरिगेटेड जिम्नो (जिम्नोकॅलिशियम) ऑनलाइन दिसतात, एकेक भारी. कोणी मागवलेत का? आणि व्हेरिगेटेडचं बी लावून काही निघतं का?

धुळ्याचा_गारठा

मागवायचे तर आधी आपल्या सरकारची आयात परवानगी, तिकडून रोग-किडीचं प्रमाणपत्र, आणि जवळजवळ सगळेच निवडुंग साइट्सच्या (CITES, दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) यादीत असल्यामुळे त्याचा कागद. गंमत म्हणजे एरंडोलच्या भाऊंकडच्यासारखे रंगीत गोळे, ड्रॅगनफ्रूटवर कलम केलेले, त्या यादीतून मुद्दाम वगळलेत. बाकी दोन कागद मात्र त्यांनाही लागतातच. "खेळणी" लिहून पार्सल पाठवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. जप्त झालं तर पैसेही गेले, झाडही गेलं.

बियांचं म्हणाल तर व्हेरिगेटेड झाड आई म्हणून ठेवा, नुसता पराग घेऊन उपयोग होत नाही. हरितद्रव्याचे कण बहुतेक आईकडूनच येतात. तरी बरीचशी रोपं हिरवी निघतील, काही पूर्ण पिवळी. पिवळी आठवड्या-दोन आठवड्यांत मरतात. जगवायची तर कोवळी असतानाच पेरेस्कियॉप्सिसवर (पानं असलेला, झपाट्याने वाढणारा निवडुंग) कलम करा.

जळगाव_जंक्शन

एरंडोल, तुरा तळहातापेक्षा मोठा झाला की एक तुकडा माझ्या नावाने ठेव भो. दांडा माझ्याकडे तयार आहे. बदल्यात मॅमिलॅरिया इलाँगाटाचं क्रेस्ट देतो.

एरंडोलचा_काटा

ठरलं. कापूस ढेकणाचाच निघाला, स्पिरिट चालू केलंय. तो आटोक्यात आला की मगच पातं लावतो, नाहीतर तुकड्याबरोबर तुमच्याकडे ढेकूणही येतील.